बंदुकीची सोडत (अमेरिका)

बंदुकीची सोडत : तिकिटे विकून, चिठ्ठी काढून विजेत्याला बंदूक बक्षीस देण्याची आणि त्यातून निधी उभा करण्याची अमेरिकेतील पद्धत. तिकडे तिला ‘गन रॅफल’ म्हणतात. स्वयंसेवी अग्निशमन दले, चर्च, शिकाऱ्यांच्या संघटना ही तिची जुनी घरे. मुलांचे बेसबॉल, सॉफ्टबॉल, कुस्तीचे क्लबही तिचा आधार घेतात. पश्चिम पेनसिल्व्हेनियात ‘गन बॅश’ नावाचा दिवसभराचा मेळावाच भरतो. दारात तिकीट, आत जेवण आणि बिअर, आणि ठरावीक वेळाने पुकारला जाणारा एकेक नंबर. कॅलेंडर सोडतीत एकाच तिकिटावर वर्षभर दर आठवड्याला एक बंदूक निघते.

पद्धत टिकली ती हिशेबामुळे. गावोगाव स्पर्धांना जाणाऱ्या मुलांच्या संघाचा गणवेश, प्रवेश फी, मोटेलचे भाडे हा खर्च पालकांच्याच खिशातून जातो आणि घरी भाजलेले केक विकून तो निघत नाही. समजा ७०० डॉलरची रायफल ठेवली आणि १० डॉलरची ५०० तिकिटे खपली, तर ४,३०० डॉलर हातात राहतात. गावातल्या दुकानदाराने रायफल देणगी म्हणून दिली, तर पाचही हजार क्लबचे. ग्रामीण अमेरिकेत शिकारीची रायफल ही घरोघरची वस्तू असल्याने तिकिटे खपवायला फार बोलावे लागत नाही.

कायद्याच्या नजरेत मात्र इथे एक नव्हे, दोन व्यवहार होतात : आधी सोडत, मग शस्त्राचे हस्तांतर. क्लबचे पदाधिकारी बहुधा पहिल्याचीच चौकशी करतात आणि दुसऱ्यात अडकतात.

सोडतीचा कायदा राज्यागणिक बदलतो. युटा आणि हवाईत धर्मादाय सोडतीलाही वाव नाही. कॅलिफोर्नियात संस्थेला राज्याच्या महाधिवक्त्याकडे नोंदणी करावी लागते आणि तिकीटविक्रीच्या एकूण रकमेतील ९० टक्के वाटा धर्मादाय कामालाच लावावा लागतो, त्यामुळे बंदूक विकत घेऊन सोडत काढणे तिथे सहसा परवडतच नाही. पेनसिल्व्हेनियात परवाना मिळतो तो काउंटीच्या खजिनदाराकडून. तिकिटे टपालाने पाठवण्यावर संघराज्याचे निर्बंध आहेत. तिकीट घेणाऱ्याला ती रक्कम देणगी म्हणून करातून वजा करता येत नाही, आणि बक्षिसाची बाजारातली किंमत विजेत्याचे करपात्र उत्पन्न ठरते. २०२५ पर्यंतच्या नियमानुसार बक्षीस ६०० डॉलर किंवा अधिक आणि तिकिटाच्या किमान ३०० पट असेल, तर आयोजकाला कर खात्याला कळवावे लागे. १० डॉलरच्या तिकिटावरची ७०० डॉलरची रायफल यात बसत नसे. २ डॉलरच्या तिकिटावरची बसे.

शस्त्राच्या बाजूला सगळे एका प्रश्नावर येऊन ठरते : मधल्या काळात बंदूक कोणाच्या ताब्यात? सर्वांत सरळ वाट म्हणजे ती परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातच ठेवायची. सोडत निघाली की विजेता ओळखपत्र घेऊन दुकानात जातो आणि ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतो. ‘खरे घेणारे तुम्हीच का?’ असा त्यात प्रश्न असतो, आणि सोडतीचा विजेता हा खरा घेणारा धरावा असे फॉर्मच्या सूचनेतच छापलेले आहे. मग विक्रेता पार्श्वभूमी तपासणी करतो, म्हणजे विजेत्याला बंदूक बाळगायला मनाई तर नाही ना, हे सरकारी नोंदींतून पाहतो. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यातून आलेली ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. उत्तर ‘द्या’, ‘थांबा’ किंवा ‘नाही’ असे येते.

दुसरी वाट म्हणजे क्लबने बंदूक आपल्याच नावावर घ्यायची. क्लबचा प्रतिनिधी फॉर्म भरतो आणि ‘ही क्लबची मालमत्ता राहील’ असे प्रतिज्ञेवर लिहून देतो. पुढे क्लबने विजेत्याला बंदूक देणे हा खासगी व्यवहार होतो. दोघे एकाच राज्याचे रहिवासी असतील तर संघराज्याचा कायदा तिथे तपासणी मागत नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडोसारखी राज्ये मागतात. विजेता परराज्यातला निघाला, तर बंदूक पुन्हा विक्रेत्यामार्फतच द्यावी लागते, आणि पिस्तूल असेल तर विजेत्याच्या राज्यातल्याच विक्रेत्यामार्फत. शिवाय विजेत्याला बंदूक बाळगण्यास मनाई आहे असे मानायला जागा असताना ती दिली, तर देणारा गुन्हेगार ठरतो. वाचवलेल्या दोन कागदांच्या मानाने ही जोखीम फार मोठी आहे. वारंवार अशा सोडती काढणाऱ्या संस्थेकडे ‘तुम्ही शस्त्रांचा धंदाच करता’ म्हणून परवाना मागितला जाऊ शकतो, तेही वेगळेच.

तिकीट कोणीही घेऊ शकते, बंदूक कोणीही नेऊ शकत नाही. विक्रेत्याकडून रायफल वा शॉटगन घ्यायला १८ वर्षे आणि पिस्तुलाला २१ वर्षे पूर्ण लागतात. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेले लोक बाद. अशा वेळी विजेता हळूच सुचवतो, ‘माझ्याऐवजी मेव्हण्याच्या नावावर करा ना.’ म्हणजे दुसऱ्याच्या नावाआडून घेतलेली बंदूक. २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र कलम असून शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांशी या विषयाचा संबंध येतो तो इथे. मुलगा संघात असला की तिकिटांचे पुस्तक घरी येते, आणि बाबा एच-१बी व्हिसावर असतात. तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी नागरिकाला बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला ठळक अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. म्हणून एच-१बीवाल्याने तिकीट घेताना पाठीमागचा बारीक मजकूर वाचावा. चांगल्या तिकिटावर ‘तपासणीत अपात्र ठरल्यास तेवढ्या किमतीची रोकड’ असे लिहिलेले असते. काही आयोजक तेवढ्यात दुसरी चिठ्ठी काढून मोकळे होतात.

मैदानावरच्या टेबलावर बंदूक मांडू नये, फोटो पुरतो. मैदान बहुधा शाळेचे किंवा शाळेलगतचे असते, आणि संघराज्याच्या कायद्यानुसार शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्यावर, काही अपवाद वगळता, बंदी आहे. मैदानाचा मालक, विमा कंपनी आणि राष्ट्रीय क्रीडा संघटना यांना आधी विचारलेले बरे, कारण कायद्याने चालणारी गोष्ट त्यांच्या करारात न चालणारी असू शकते. नंबर घातलेली तिकिटे, जपून ठेवलेल्या स्थळप्रती आणि विकणाऱ्याच्या नावासकट नोंदवही एवढे असले तर पुढची बरीच भांडणे टळतात.

सगळे कागद बरोबर असूनही वाद होतो. मिसुरीतल्या निओशो गावी ९ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉल संघाने एआर-१५ जातीच्या (अर्धस्वयंचलित) रायफलची सोडत ठेवली होती. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत त्याच जातीच्या रायफलने १७ जण मारले गेले आणि निओशोच्या तिकिटांची बातमी देशभर झाली. सोडत आधीच जाहीर झालेली होती, आयोजकांनी ती मागे घेतली नाही. मुलांच्या हाती अशी तिकिटे विकायला द्यावीत का, हा तिथला खरा मुद्दा होता आणि त्याला कोणत्याही फॉर्ममध्ये रकाना नाही. पालक विकत असतील तर निदान तो प्रश्न तरी मैदानाबाहेर राहतो.

काही क्लब बंदुकीऐवजी दुकानाचे खरेदी कुपन ठेवतात. विजेता त्यावर बंदूक घेवो, तंबू घेवो की मासेमारीचा गळ. सोडतीचे नियम आणि कर तसेच राहतात, पण शस्त्राचा व्यवहार मग दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला होतो.