‘आर्शीवाद’ आपण ‘आशीर्वाद’ का वाचतो?

दुकानाच्या पाटीवर, टेम्पोच्या मागे, कधी चक्क लग्नपत्रिकेत ‘आर्शीवाद’ असं छापलेलं आपण कितीदा तरी पाहिलेलं असतं. ‘वा’वरचा रफार ‘शी’वर जाऊन बसलेला असतो. लिहिलंय तसं वाचायचं तर ‘आर्-शी-वाद’ म्हणायला हवं. पण तसं कोणी म्हणत नाही. डोळे पाटीवरून फिरतात आणि मनात ‘आशीर्वाद’च उमटतो. चूक दाखवली तरी अनेकांना पुन्हा पाहावं लागतं.

विस्कटलेल्या शब्दांचा हा विषय घरोघरी पोचला तो एका ढकलपत्रामुळे. सप्टेंबर २००३ मध्ये इंग्रजीतला एक मजकूर इंटरनेटवर वाऱ्यासारखा पसरला. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधनाप्रमाणे शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की पुरे, मधली कशीही उलटसुलट करा, वाचायला काही अडत नाही, असा त्याचा दावा. मजकूरच तशा विस्कटलेल्या स्पेलिंगमध्ये होता आणि तो वाचता येत होता, मग विश्वास बसायला वेळ कसला लागतोय! केंब्रिजमध्येच भाषा आणि मेंदू यांवर काम करणाऱ्या मॅट डेव्हिस यांनी शोध घेतला, तर असं संशोधन तिथे कोणाच्या ऐकिवातही नव्हतं. धागा सापडला नॉटिंगहॅमला. ग्रॅहम रॉलिन्सन यांनी १९७६ मध्ये तिथे शब्दातल्या अक्षरांच्या जागेवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता.

शब्द आपण एकेक अक्षर जोडत वाचतो की अख्खा ओळखतो, हा मूळ प्रश्न त्याहून बराच जुना. जर्मनीत लाइपझिगला व्हिल्हेल्म वुंट यांच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १८८६ च्या सुमारास वाचनाचा वेग मोजला. एक सुटं अक्षर ओळखायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यातच ओळखीचा अख्खा शब्द ओळखला जातो, असं त्यांना दिसलं. १८९७ मध्ये वॉल्टर पिल्सबरी यांनी मुद्दाम चुका करून छापलेले शब्द क्षणभर दाखवले. कुठे अक्षर गाळलेलं, कुठे बदललेलं, कुठे अक्षरावर ‘एक्स’ मारलेला. बऱ्याचदा वाचणाऱ्यांनी शब्द बिनचूक सांगितला आणि जे अक्षर कागदावर नव्हतंच ते स्पष्ट दिसल्याचंही सांगितलं!

कानाचंही तेच. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातल्या ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातला एक ‘स’ कापून तिथे खोकला घातला. २० पैकी १९ श्रोत्यांनी सांगितलं, आवाज कुठेच तुटलेला नाही.

ढकलपत्राची परीक्षा मात्र कडक झाली. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये विस्कटलेली वाक्यं वाचायला देऊन वेग मोजला. मधली अक्षरं हलवली तर वेग ११ टक्क्यांनी घटला, शेवटची हलवली तर २६ आणि सुरुवातीची हलवली तर ३६ टक्क्यांनी. म्हणजे वाचता येतं, पण फुकटात नाही. पुढच्याच वर्षी हदास वेलन आणि राम फ्रॉस्ट यांनी हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्यांना अशी वाक्यं दिली. इंग्रजीत ते निभावून गेले, हिब्रूत मात्र अडखळले. हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. त्यांचा क्रम बदलला की भलताच धातू समोर येऊ शकतो.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. आपले कितीतरी शब्द दोन-तीन अक्षरी. ‘नमन’मध्ये मधलं अक्षर एकच, ते हलवणार कुठे? आणि पहिल्याला हात लावला तर ‘नमन’चं ‘मनन’ होतं, ‘मरण’चं ‘रमण’ होतं. ‘वर्तनमापत्र’ आपण वर्तमानपत्र म्हणून वाचून टाकतो, कारण शब्द लांब आहे आणि त्याच्या आसपास दुसरा कुठलाच शब्द नाही. ढकलपत्रातला नियम इंग्रजीच्या मापाने शिवलेला होता, तो आपल्या अंगाला नीट बसत नाही.

मला त्याहून मोलाची वाटते ती पहिली वेलांटी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र आधी ‘क’ आणि मग ‘इ’. रफाराचं उलट: ‘र्’ बोलायचा आधी, काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. देवनागरी वाचणारा माणूस ही अदलाबदल लहानपणापासून करत आलेला असतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवरचं काम प्रसिद्ध केलं. पहिली वेलांटी असलेले शब्द उच्चारायला वाचकांना जास्त वेळ लागत होता. इतक्या सरावानंतरही मेंदू त्या उलट्या क्रमाची किंमत मोजतोच. आणि रफार लिहिताना घसरतो तो नेमका याच सांध्यावर, असं मला वाटतं.

मुद्रितशोधकाचं काम म्हणूनच अवघड. अर्थ कळत गेला की चुका दिसेनाशा होतात. त्यावर जुना उपाय दोन माणसांचा: एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर पट्टी धरून ओळ तपासायची. एकट्यालाच तपासायचं असेल तर शेवटच्या शब्दापासून मागे यायचं, म्हणजे वाक्य जुळत नाही आणि प्रत्येक शब्द सुटा समोर येतो, त्याच्या वेलांटीसकट, रफारासकट.