वयविषयक साचेबंद समजुती आणि ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचे सहकाऱ्यांशी संबंध

वयावरून माणसाची कुवत, स्वभाव आणि आवडीनिवडी परस्पर ठरवून टाकणाऱ्या समजुतींचा ज्येष्ठांच्या कामाच्या ठिकाणच्या मेळमिसळीवर होणारा परिणाम. भरती-बढतीतील भेदभावावर कायदे झाले आहेत. अमेरिकेत १९६७ चा कायदा चाळीस व त्यापुढील वयाच्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देतो. मधल्या सुट्टीत जेवायला कोणाला हाक मारायची, हे मात्र कायदा ठरवत नाही.

उघड वैर क्वचितच असते. मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार समाज वृद्धांना प्रेमळ, पण फारशी कुवत नसलेले मानतो; त्यातून द्वेषाऐवजी कीव उपजते. मग ज्येष्ठाला बसायला खुर्ची दिली जाते, पण नव्या कामाची चर्चा त्याच्यापर्यंत येत नाही. ‘त्यांना कशाला त्रास’ हे वाक्य सद्भावनेनेच उच्चारलेले असते. बदल्या, नव्या जबाबदाऱ्या, वरिष्ठांचा कल अशी बरीच माहिती गप्पांतूनच फिरत असल्याने गप्पांतून वगळलेला माणूस कामातही मागे पडतो.

संशोधक टॉमस एंग व डॅनियल फेल्डमन यांनी २०१२ मध्ये ४१८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून सहा रूढ समजुती तपासल्या. ज्येष्ठ इतरांवर कमी विश्वास ठेवतात, बदलाला विरोध करतात, या त्यांतल्याच. आधार मिळाला तो एकीलाच: प्रशिक्षणाबाबतची कमी उत्सुकता. (ज्यांना प्रशिक्षणाला सहसा बोलावलेच जात नाही, त्यांची उत्सुकता मोजायची कशी, हा प्रश्न उरतोच.)

‘तरुण आपल्याला काय समजत असतील’ हा ज्येष्ठांचा अंदाजही घातक ठरतो. तो प्रत्यक्षातील मतांपेक्षा अधिक वाईट असू शकतो. हट्टी किंवा कंटाळवाणे ठरू, या धास्तीने ते शंका विचारत नाहीत, थट्टामस्करीत सामील होत नाहीत. तरुणांना तो तुटकपणा वाटतो आणि मूळ समज पक्की होते.

तरीही ज्येष्ठांचे मित्रवर्तुळ लहान होण्याचे सारे खापर समजुतींवर फोडता येत नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांच्या सिद्धांतानुसार वय वाढते तशी माणसे मोजक्या, जिव्हाळ्याच्या नात्यांना प्राधान्य देतात. निवडलेला एकांत आणि लादलेला एकटेपणा बाहेरून सारखेच दिसतात.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रह ओसरण्यासाठी समान दर्जा व सामायिक उद्दिष्ट असलेला संपर्क आवश्यक मानला. त्या निकषावर ‘अनुभवी मार्गदर्शक’ ही ज्येष्ठांना दिली जाणारी नेहमीची भूमिका अपुरी पडते. तीत ते फक्त सांगतात, शिकत नाहीत. दोन्ही बाजूंना एकमेकांवाचून अडेल असे मिश्र वयाचे कामगट त्याहून उपयुक्त.