दूरच्या चंद्रांवरील अवकाशयानांची चित्रे : मागणी नोंदवण्यापूर्वी

सोलापुरातील आमच्या स्टुडिओत दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स यांचे काम वर्षभर चालतेच. परंतु २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून शाळांच्या विज्ञानकक्षांसाठी आणि गणेशोत्सव मंडळांच्या देखाव्यांसाठी अवकाशयानांची चित्रे मागणारे ग्राहक वाढले, आणि आता ही मागणी गुरू-शनीच्या चंद्रांपर्यंत पोहोचली आहे. पहिला नमुना पाहिल्यावर बहुतेकांची सूचना एकच असते : “जरा उजळ करा की, आणि चांदण्या टाका.” ही सूचना आम्ही सहसा का मान्य करत नाही, ते आधीच सांगितलेले बरे.

गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर असल्यामुळे तेथे पोहोचणारे ऊन आपल्याकडच्या सुमारे २७व्या हिश्श्याइतके असते, आणि शनीजवळ ते सुमारे ९०व्या हिश्श्यावर येते. एवढ्यावरून तेथे काळोख असेल असे समजू नये. शनीजवळचे हे ऊनही घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडापेक्षा जास्त भरते. फरक पडतो तो सावलीत. मे महिन्यात भरदुपारी आपल्याकडे भिंतीची सावली काळीभोर वाटते, तरी त्या सावलीत बसून वर्तमानपत्र वाचता येते, कारण आकाश सर्व बाजूंनी उजेड पुरवत असते. गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्रावर नावापुरतीच हवा असल्यामुळे आकाश काळे राहते, आणि सावलीत पोहोचतो तो फक्त आसपासच्या बर्फावरून आणि खुद्द गुरूवरून परतलेला प्रकाश. हा गुरू तेथील आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो आणि त्याची रुंदी आपल्या चंद्रबिंबाच्या सुमारे २४ पट असते. युरोपाच्या पलीकडच्या बाजूवरून मात्र गुरू कधीच दिसत नाही. उन्हातल्या बर्फाला जुळेल इतकाच वेळ कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवले, तर तारे छायाचित्रात उमटत नाहीत. म्हणून आमच्या चित्रांत चांदण्या नसतात. दूरचा कडाही धूसर न होता जवळच्या दगडाइतकाच रेखीव दिसत असल्याने अंतराचा अंदाज चुकतो, आणि आकाराचे माप कळण्यासाठी यान नेमके कोठे ठेवावे यावरच आमचा सर्वाधिक वेळ जातो.

शनीचा टायटन हा चंद्र या सर्व नियमांना अपवाद आहे. तेथील हवेचा दाब पृथ्वीवरच्या दीडपट असून नारिंगी धुरक्यामुळे सावल्या जवळजवळ विरून जातात. मागणी मात्र नेहमी निळ्या आकाशात कड्यांसह झळकणाऱ्या शनीचीच येते. १९४४ साली चेस्ली बोनस्टेल या अमेरिकन चित्रकाराने टायटनवरून दिसणारा शनी अगदी तसाच रंगवला होता, आणि ते चित्र आजही देखणे वाटते; पुढे व्हॉयेजर १ या यानाने १९८० साली जवळून पाहिले तेव्हा धुरक्याखालचा पृष्ठभाग दिसलाच नाही. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान तेथे उतरले आणि त्याने गोलसर दगडगोट्यांची नारिंगी जमीन दाखवली. कडी हवीतच, असे ग्राहक म्हणाले की आम्ही एन्सेलाडस हा शनीचा दुसरा चंद्र सुचवू असे त्यांना वाटते. परंतु तो कड्यांच्याच पातळीत फिरत असल्यामुळे तेथून कडी एका बारीक रेषेसारखी दिसतात. पसरलेली कडी पाहायची तर शनीचाच आयापेटस हा चंद्र निवडावा, कारण त्याची कक्षा सुमारे १५ अंश कललेली आहे.

यानाच्या बाबतीत आमचीही चूक झालेली आहे. एका शाळेसाठी केलेल्या चित्रात आम्ही शनीकडे गेलेल्या कॅसिनी या यानाला सौरपंख (उन्हापासून वीज तयार करणारे पंख) लावले होते, आणि प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीने “काका, याला पंख नव्हते ना?” असे विचारले. तिचे बरोबर होते : सुमारे ६.८ मीटर उंचीच्या कॅसिनीला वीज प्लुटोनियमच्या उष्णतेपासून मिळत असे आणि तिच्या माथ्यावर होती ती ४ मीटरची गोल अँटेना. ते चित्र आम्ही स्वखर्चाने बदलून दिले. याउलट ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या युरोपा क्लिपरचे सौरपंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३० मीटरहून लांब आहेत. हे यान गुरूभोवती फिरत युरोपाजवळून सुमारे ४९ वेळा जाईल, त्याच्यावर उतरणार नाही. मागे ज्वाळा सोडणारे यानही आम्ही टाळतो, कारण प्रवासाचा बहुतेक काळ इंजिन बंदच असते.

काम ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. नासाने प्रसिद्ध केलेली छायाचित्रे आणि त्रिमितीय मॉडेले आम्ही आधाराला घेतो. ती बहुतांशी स्वामित्वहक्कमुक्त असली तरी नासाचे बोधचिन्ह जाहिरातीत वापरता येत नाही, तेव्हा तसा आग्रह धरू नये. युरोपाच्या सर्वांत बारकाव्याच्या छायाचित्रांतही एक ठिपका (पिक्सेल) सुमारे ६ मीटरचा आहे, त्यामुळे पायाशी दिसणारे बर्फाचे तुकडे आमच्या कल्पनेतले असतात आणि चित्राखाली तशी ओळ आम्ही छापतो.

छपाईत खरी अडचण काळ्या रंगाची. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा खोल काळा फ्लेक्सवर करडा उतरतो आणि चकचकीत कापडावर मंडपातले हॅलोजन चमकतात, म्हणून मॅट लॅमिनेशन घ्यावे. ६ बाय ४ फुटांच्या चित्रासाठी आम्ही ७२०० बाय ४८०० ठिपक्यांची फाइल तयार करतो. व्हॉट्सॲपवर ती फोटो म्हणून पाठवल्यास आकसते, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. एका ग्राहकाने हेच चित्र जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणून भिंतीला लावता येईल का, असे विचारले होते. येते, मात्र मोजक्या सुतांत नारिंगी टायटन सुरेख बसतो आणि युरोपाच्या बर्फातल्या फिकट छटा हरवतात.

मागणी देताना चंद्र, यान, चित्र लावण्याची जागा आणि त्या जागेवर येणारा उजेड एवढे कळवावे. कच्च्या रेखाटनानंतर दोनदा बदल विनामूल्य करून दिले जातात, आणि अंतिम मंजुरीपूर्वी त्याच कापडावर छापलेली एक पट्टी स्टुडिओत येऊन दिवसाउजेडी पाहून जावी.