वाचनारंभाची पुस्तके (मराठी)

नुकतेच अक्षर लावू लागलेल्या मुलाला कोणाच्या मदतीवाचून वाचता यावीत, या हेतूने लिहिलेली गोष्टींची आणि माहितीची छोटी पुस्तके. मुळाक्षरे, बाराखडी, अंक आणि पाढे यांची अंकलिपी ही यांच्या आधीची पायरी, तर शाळेचे क्रमिक पुस्तक ही सोबतची. व्यवहारात या तिन्हींची बरीच सरमिसळ होते. मोठ्यांनी वाचून दाखवायची चित्रपुस्तके व कुमारवाङ्मय यांचा येथे विचार केलेला नाही.

आरंभ : पहिले मराठी बालपुस्तक कोणते, यावर एकमत नाही. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांच्या पदरी असलेल्या सख्खण पंडितांनी इसापच्या कथांचे मराठी भाषांतर केले. ‘बालबोधमुक्तावली’ या नावाचे हे पुस्तक राजांच्या नवविद्याकलानिधी छापखान्यात देवनागरी टायपात छापले गेले. त्याचे साल सामान्यतः १८०६ धरतात. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले होते. पण ते इंग्रजीतून लिहिलेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी होते. त्यामुळे मुलांच्या पुस्तकांपुरता तंजावरचा मान अबाधित राहतो, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

यात एक अडचण आहे. ‘बालबोध’ किंवा ‘बाळबोध’ या शब्दाचा एक अर्थ बालांना होणारा बोध, तर दुसरा देवनागरी लिपी. दप्तरात मोडी आणि पोथीत बाळबोध, अशी त्या काळची वाटणी होती. तेव्हा शीर्षकात ‘बालबोध’ आहे एवढ्यावरून पुस्तक मुलांच्याच हाती द्यायचे होते, असे ठरत नाही. श्रीरामपूरच्या वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५) ही मोडी टायपातली पुस्तके गोष्टींचीच आहेत. मात्र त्यांचा अपेक्षित वाचक कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणारा प्रौढ साहेब होता. वाचायला शिकणारा वाचक म्हणजे मूलच, हे समीकरण पुढचे आहे. अगोदर छापलेले कोणते, असा प्रश्न असेल तर उत्तर तंजावर. मुलासाठी म्हणून लिहिलेले पहिले कोणते, असा असेल तर मुंबईच्या बापू छत्रे यांच्याकडे वळावे लागते, आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते.

मुंबईत गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने शाळांसाठी मराठी पुस्तके करवून घेतली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन्ही १८२८ ची. ‘बाळमित्रा’चे मूळ आर्नो बर्कां या फ्रेंच लेखकाचे, ते मराठीत इंग्रजीमार्फत आले. त्यातली मुले बोलतात, भांडतात, चुकतात. प्राणी बोलून नीती सांगतात ते निराळे आणि मूलच पात्र होते ते निराळे. हा बदल मराठीत येथे प्रथम ठळक दिसतो.

क्रमिक पुस्तकांचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली सरकारी शाळांची मराठी पुस्तकमालिका तयार झाली. मराठी छपाईत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेयही सहसा कँडींना देतात. नवशिक्या वाचकाच्या दृष्टीने ही गोष्ट मालिकेइतकीच मोलाची आहे, कारण पूर्णविराम नसलेल्या मजकुरात वाक्य कोठे संपले हे मोठ्यांनाही अंदाजाने ठरवावे लागे. पुढे १९३० च्या दशकापासून प्र. के. अत्रे यांच्या ‘अरुण’ आणि ‘नवयुग’ वाचनमालांनी धड्यांतला उपदेशाचा सूर उतरवला. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाले.

त्याआधी १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’ आणि ‘कांहीं’ लिहिणारी जुनी पुस्तके त्यामुळे नवशिक्यांसाठी एका फटक्यात जुनी झाली.

लिपीचा अंमल : या पुस्तकांचे रूप गोष्टीपेक्षा लिपीने अधिक ठरवले आहे. महाराष्ट्रात अक्षरओळख बऱ्याचदा ‘क ख ग घ’ या वर्णक्रमाने होत नाही. ती ‘ग म भ न’ अशी होते, कारण चारही अक्षरांच्या उजव्या अंगाला उभी रेघ आहे आणि हात एकाच वळणाने चालतो. वर्णमाला उच्चारस्थानांवर रचलेली, तर ‘गमभन’ हाताच्या सोयीवर. मग येतात कानामात्रा नसलेली वाक्ये : ‘कमल, घर बघ’. दिसायला ही सर्वांत सोपी. पण ‘क’, ‘म’, ‘ल’ अशी तीन सुटी पूर्ण अक्षरे शिकलेले मूल ‘क-म-ल’ असे तीन ठोके वाचते आणि बोलताना मात्र शेवटचा ‘ल’ पाय मोडल्यासारखा उच्चारते. वाचलेला शब्द आणि बोललेला शब्द एकच आहे, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. ‘चार चाकं’ यात एकाच ‘च’चे दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांची खूण नाही. ‘कि’ मधली वेलांटी आधी दिसते, ऐकू नंतर येते.

खरा उंबरठा जोडाक्षरांचा. एकटा ‘र’च ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दुसऱ्या’ यांत चार वेषांत भेटतो. म्हणून ‘जोडाक्षरविरहित गोष्टी’ असा स्वतंत्र प्रकारच मराठीत रूढ झाला. (मुखपृष्ठावरच्या या नावातच ‘क्ष’ हे जोडाक्षर बसलेले असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.) हे बंधन पाळणाऱ्या लेखकाला ‘गोष्ट’, ‘मित्र’, ‘पक्षी’, ‘कुत्रा’, ‘हत्ती’ वापरता येत नाहीत, ससा, माकड, कासव, वाघ, उंदीर चालतात. ‘म्हणाला’ बाद, म्हणून पात्रे ‘बोलतात’. ‘तो’ येतो पण ‘त्याला’ येत नाही. ‘ती’ मात्र ‘तिला’, ‘तिने’, ‘तिची’ अशी बरीच दूर जाऊ शकते, म्हणजे नायिका निवडणे लेखकाला सोयीचे. ‘आटपाट नगर होते’ ही कहाण्यांची जुनी सुरुवात या कसोटीला पूर्ण उतरते. उलट इसापचा कोल्हा आणि त्याची आंबट द्राक्षे यांना येथे मज्जाव आहे. तंजावरपासून मराठी मुलांना ज्याच्या गोष्टी छापून मिळाल्या, तोच इसाप असा दाराबाहेर राहतो. ‘ल्ह’, ‘म्ह’, ‘न्ह’ हे उच्चारदृष्ट्या ‘ख’, ‘भ’ यांसारखे एकेकच महाप्राण (हकारयुक्त) व्यंजन आहे, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसे धरल्यास कोल्ह्याला आत घेता येईल, द्राक्षांना नाही. शिक्षक मात्र लिहिलेले रूप पाहतात, कान नव्हे.

या काटेकोरपणाला विरोधही जुनाच आहे. मुलाच्या तोंडी रोज असलेला ‘माझ्या’ किंवा ‘म्हणून’ जोडाक्षर असूनही ओळखीने वाचला जातो आणि अपरिचित ‘नमन’ सुटी अक्षरे असूनही अडतो, असा विरोधकांचा मुद्दा. तो नाकारणे कठीण आहे. याच वादाचा अंकांतला अवतार २०१९ मध्ये दिसला : दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले आणि वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत गदारोळ उडाला. ‘त्रेपन्न’, ‘त्र्याण्णव’ यांतली जोडाक्षरे मुलांना जड जातात, हे सुचवणाऱ्यांच्या कारणांपैकी एक होते.

माहितीपर पुस्तके : गोष्टींच्या मानाने ही परंपरा विरळ आहे. बराच काळ माहिती क्रमिक पुस्तकातल्या धड्यांतच वावरली. बडोदे संस्थानाची ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ हा लक्षणीय अपवाद. परंतु तिचा वाचक वाचनात मुरलेला असावा लागे. मॉस्कोच्या प्रगती, रादुगा आदी प्रकाशनांची मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत सोव्हिएत संघाच्या अखेरीपर्यंत स्वस्तात मिळत. मोठी चित्रे व थोडा मजकूर ही त्यांची रीत पुढच्या मराठी चित्रकारांना परिचयाची झाली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातही माहितीपर पुस्तके आहेत.

पातळीबद्ध पुस्तके : एकविसाव्या शतकात प्रथम बुक्स ही प्रकाशनसंस्था (२००४) आणि तिचे स्टोरीवीव्हर (२०१५) हे मुक्त परवान्याचे व्यासपीठ यांमुळे चढत्या अवघडपणाच्या चार पातळ्यांची पुस्तके मराठीत मुबलक झाली, त्यांतली बरीच अनुवादित. पातळी ठरवताना शब्दसंख्या आणि वाक्याची लांबी यांना वजन असते. मराठीला हे माप नीट बसत नाही. हिंदीत ‘पेड़ के नीचे’ हे तीन शब्द, मराठीत ‘झाडाखाली’ हा एकच. शब्द घटतात, पण मुलाला ओलांडायचा शब्द लांबतो; ‘झाडाखालच्यांनी’ हाही एकच शब्द. अनुवादात मूळची पातळी तशीच ठेवली की पुस्तक छापील आकड्यापेक्षा अवघड निघते. अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा पावरी घरात बोलणाऱ्या मुलाला तर ‘झाडाखाली’ हा शब्दच प्रथम पुस्तकात भेटू शकतो. अशा मुलांसाठी दोन भाषा एकाच पानावर देणारी पुस्तके अलीकडे निघू लागली आहेत. त्यांत घरची भाषाही देवनागरीतच छापतात.