उंदीर, नाली आणि दवाखाना : इंदूरच्या सार्वजनिक आरोग्याची पार्श्वभूमी

इंदूरच्या एखाद्या वस्तीत जुलाबाची साथ आली की लोकांना दोन दारं ठोठवावी लागतात. औषधासाठी आरोग्य विभागाचं आणि गढूळ पाण्यासाठी नगर निगमचं, म्हणजे महापालिकेचं. डॉक्टर रोगी बघतात, नाली बघत नाहीत. निगमचे इंजिनिअर नाली बघतात, रोगी त्यांच्या कागदावर येतच नाही. वस्तीतल्या बायकांच्या महिला आरोग्य समित्या, संजीवनी क्लिनिक हे सरकारी दवाखाने, आरोग्यसेविका आशा दीदी यांच्याबद्दल आज जे बोललं जातं, त्यामागे ही दोन दारं एकमेकांना जोडण्याचीच धडपड आहे. ही धडपड दिल्लीहून आलेली नवी योजना मात्र नव्हे. या शहरात ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

1917 साली होळकर दरबारनं पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेच्या कामासाठी बोलावलं. गादीवर तिसरे तुकोजीराव होते आणि प्लेगनं शहर हैराण झालं होतं. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. गल्लीबोळांतून पायी हिंडणारा हा म्हातारा गोरा साहेबच प्लेग आणतो, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली. त्यांनी त्यावर फर्मान काढायला लावलं नाही, दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नव्हती. ज्या मोहल्ल्यानं घरं आणि गल्ल्या सगळ्यात चांगल्या साफ केल्या असतील, त्या मोहल्ल्यातून ती जाणार असं जाहीर झालं आणि गावभर झाडलोट, डागडुजी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. शेवटी दोघांनाही जाळलं. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून चालले होते, त्यांच्या गाड्यांच्या बैलांची शिंगं रंगवली होती. लोकांना तुळशीची रोपं वाटली. ज्यांची सावलीही टाळली जायची, ती माणसं त्या दिवशी मानानं शहरातून चालत गेली, हे मला त्या सगळ्या थाटापेक्षा मोठं वाटतं.

1918 मध्ये गेडिस यांनी दरबारला दोन खंडांचा अहवाल दिला. त्यात घर, विहीर, नदी, झाड आणि आजार यांचा विचार एकत्र केला आहे. खान आणि सरस्वती या आपल्या नद्यांची दुर्दशा त्यांनी तेव्हाच पाहिली होती.

पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. इंदुरात वैद्यकीय शिक्षण 1878 पासून होतं. 1948 मध्ये महात्मा गांधी मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि त्यानंतरच्या दशकात महाराजा यशवंतराव रुग्णालयाची, म्हणजे एम.वाय.ची, भव्य इमारत उभी राहिली. उपचार म्हणजे एम.वाय. आणि स्वच्छता म्हणजे निगम, अशी वाटणी लोकांच्या मनातही पक्की झाली. देशपातळीवर आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या 1946 च्या भोर समितीनं उपचार आणि प्रतिबंध एकत्र ठेवा, असं बजावलं होतं. चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं आणि गावोगाव पाच-सात जणांच्या आरोग्य समित्या असाव्यात, ही तिचीच शिफारस. पण हा सगळा आराखडा खेड्यांसाठी उभा राहिला. 1970 मध्ये जामखेडला आरोळे दांपत्यानं गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका करून दाखवलं, 1978 च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेनं लोकसहभाग हा प्राथमिक आरोग्यसेवेचा पाया मानला. शहरातला गरीब या दोन्हींत कुठेच नव्हता. त्याच्या जवळ मोठं रुग्णालय आहे ना, मग त्याला अजून काय हवं, असा समज होता.

इंदूरकरांनी काही गोष्टी भांडून मिळवल्या. 1970 च्या नागरिक आंदोलनानंतर, 1978 साली नर्मदेचं पाणी शहरात आलं. शहराच्या आरोग्यासाठी एवढं काम क्वचितच कुठल्या दवाखान्यानं केलं असेल. 1989 पासून झोपडवस्त्यांत घरोघरी संडास आणि मलवाहिन्या नेण्याचा प्रकल्प झाला, त्याला 1998 मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कारही मिळाला. पण देखभाल कोणी करायची हे नीट ठरलं नव्हतं आणि पुढे वाहिन्या तुंबल्याच्या तक्रारी आल्या.

मग 1994. सुरतेच्या प्लेगची धास्ती पसरली आणि एम.वाय. उंदरांनी पोखरलंय हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. जिल्हा प्रशासनानं रुग्ण दुसरीकडे हलवले, इमारत रिकामी केली, बिळं बुजवली, हजारो उंदीर मारले. पैसा लोकांनी दिला. ही स्वच्छता टिकवायची म्हणून रोगी कल्याण समिती स्थापन झाली : लोकप्रतिनिधी, अधिकारी, नागरिक एकत्र बसून रुग्णालयाचा कारभार बघणार, माफक शुल्क घेणार आणि ते तिथेच खर्च करणार. हा नमुना सगळ्या मध्य प्रदेशात गेला आणि 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं तो देशभर नेला. इंदूरनं देशाला दिलेली ही मोठी देणगी आहे. तिची मर्यादाही इंदूरनंच पाहिली. समित्या हळूहळू शुल्क आणि खरेदीच्या हिशोबात अडकल्या. 2025 च्या ऑगस्टअखेर त्याच रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदरांनी चावे घेतले. दोन्ही बाळं दगावली; मृत्यूच्या कारणांवरून वाद झाला. उंदीर आत आले होते, यावर मात्र वाद होऊच शकत नाही.

वस्तीच्या बाजूनं झालेलं काम कमी गाजलं. 2003 च्या सुमारास इथे शहरी आरोग्याचा एक कार्यक्रम सुरू झाला, पुढे अर्बन हेल्थ रिसोर्स सेंटर या संस्थेनं तो चालवला. बायकांचे गट बनले. त्यांनी वस्तीचा नकाशा स्वतः हातानं काढला आणि सरकारी यादीत नसलेली घरं त्यात दाखवली. कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, कोणत्या बाळाची लस राहिली आहे, हे त्या नकाशावरून कळू लागलं. याच गटांनी पाणी, नाली, दिवे यांसाठी निगमकडे अर्ज केले. अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायचा, ती प्रत जपून ठेवायची, उत्तर नाही आलं तर तिचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यायचं. लसीकरण आणि नाली यांची गाठ सरकारी आदेशानं पडली नव्हती, या बायकांच्या फायलीत ती पडली.

2013 च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात हीच कल्पना महिला आरोग्य समिती म्हणून आली. पन्नास ते शंभर घरांमागे एक समिती आणि वर्षाला पाच हजार रुपयांचा मुक्त निधी, म्हणजे गरजेप्रमाणे समितीनंच ठरवून खर्चायचा पैसा. पन्नास हजार लोकवस्तीमागे एक शहरी आरोग्य केंद्र, तेही दुपारी बारा ते रात्री आठ उघडं, म्हणजे मजुरी बुडवायला नको. 2019 च्या डिसेंबरात राज्यानं संजीवनी क्लिनिक सुरू केली, तीही इंदूरपासूनच.

पाच हजारांत शंभर घरांचं आरोग्य सुधारत नाही, पण माझा आक्षेप पैशापेक्षा अधिकाराचा आहे. समितीतल्या बाईला वस्तीतलं सगळं ठाऊक असतं, तरी पाइप बदलायचा निर्णय तिच्या हातात नाही आणि क्लिनिकमधल्या डॉक्टरच्याही नाही. 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं येतंय, म्हणजे निगमनं मनावर घेतलं की जमतं. 85 वॉर्डांत दर महिन्याला क्लिनिकचे डॉक्टर, निगमचा झोनल अधिकारी, पार्षद म्हणजे नगरसेवक आणि महिला आरोग्य समिती एका टेबलाशी बसावेत, जुलाबाचे रोगी आणि पाण्याच्या तक्रारी एकाच वहीत लिहिल्या जाव्यात, आणि मागच्या महिन्याच्या नोंदीचं काय झालं हे झोनल अधिकाऱ्यानं तिथेच सांगावं.