आध्यात्मिक तयारी आणि रोजचं आज्ञापालन (ख्रिस्ती जीवन)

ख्रिस्ती जीवनात आध्यात्मिक तयारी म्हणजे प्रार्थना, बायबलच्या वचनांचं वाचन, उपास, पश्चात्ताप, प्रभुभोजन ह्या सगळ्यातून स्वतःला देवासाठी जागं ठेवणं, आणि आज्ञापालन म्हणजे जे कळलंय ते त्याच दिवशी करून टाकणं. शिकवताना ह्या दोन गोष्टी बऱ्याचदा वेगवेगळ्या घेतात पण बायबलमध्ये त्या एकमेकांत इतक्या गुंतलेल्या आहेत की सोडवायला गेलं तर दोन्ही हातातून जातात. तयारी संकट दारात आल्यावर करायची गोष्टच नाही, ती आधीच्या साध्या, कंटाळवाण्या दिवसांत एकतर झालेली असते नाहीतर राहिलेली असते.

ह्यासाठी नेहमी दाखला दिला जातो तो मत्तय २५ मधल्या दहा कुमारींचा. दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघत होत्या, त्याला यायला उशीर झाला आणि त्या झोपल्या, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण झोपल्या त्या दहाच्या दहा, शहाण्या पाचसुद्धा, हे पटकन लक्षात येत नाही! म्हणजे येशू डोळा न लागण्याचं कौतुक करत नाहीये, फरक फक्त भांड्यातल्या तेलाचा आहे. आणि ते तेल मध्यरात्री कोणाकडून उसनं मिळत नाही, मागितलं तरी नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेवर आपला विश्वास चालत नाही असा त्याचा अर्थ बहुतेक उपदेशक लावतात आणि तो बरोबरच वाटतो.

याहून जवळून बघायचं तर येशूला पकडलं त्या रात्रीची गेथशेमाने बाग. येशू तिथे जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतोय, हा दुःखाचा प्याला टळला तर बरं पण माझ्या इच्छेप्रमाणे नको तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, आणि थोड्याच अंतरावर त्याचे शिष्य पेत्र, याकोब, योहान गाढ झोपलेत. तीन वेळा येऊन बघतो, तिन्ही वेळा तेच. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात एका दासीने नुसतं विचारल्यावर पेत्र म्हणतो मी त्या माणसाला ओळखत नाही. पेत्राचं प्रेम खोटं होतं असं नाही, काही तासांपूर्वी तोच मरायला तयार होता, पण तोंडची तयारी आणि गुडघ्यावरची तयारी यात केवढं अंतर असतं ते ह्या एका रात्रीत दिसतं. येशूचं मात्र पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जाणं मार्कच्या पहिल्याच अध्यायात आलंय, म्हणजे गेथशेमानेतली प्रार्थना ही त्याच्यासाठी नवी सवय नव्हती.

आज्ञापालनाबद्दल जुन्या करारातलं सगळ्यात बोचरं प्रकरण १ शमुवेल १५. शौल राजा अमालेक्यांवर जय मिळवून येतो आणि म्हणतो मी परमेश्वराची आज्ञा पाळली, तर संदेष्टा शमुवेल विचारतो की मग हे मेंढरांचं ओरडणं आणि गुरांचं हंबरणं कसलं ऐकू येतंय? शौलाचं उत्तर तयार असतं, चांगली चांगली जनावरं यज्ञासाठी ठेवलीत. (मूळ आज्ञा माणसं-जनावरं सगळं मारून टाकायची होती, ती आजच्या वाचकाला पचायला जड जाते, तो मोठा वेगळा विषय आहे.) पण यज्ञापेक्षा ऐकणं बरं हे शमुवेलाचं उत्तर पुढे सगळ्या ख्रिस्ती परंपरेत घुमत राहिलं, कारण भक्तीच्या आडून आज्ञा टाळायची युक्ती काही शौलाबरोबर संपली नाही. येशूने तर सांगूनच ठेवलंय की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

चर्चने ह्यासाठी वर्षाचं कॅलेंडरच बसवलं. लेंट म्हणजे उपवासकाळ ४० दिवसांचा, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर ४६ भरतात पण मधले ६ रविवार उपासात धरत नाहीत. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा काळ सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी लोक एकेकापुढे उभे राहून मला क्षमा कर म्हणतात, अगदी पाळकसुद्धा. माझ्या मते तयारी आणि आज्ञापालन एकाच कृतीत बघायचं असेल तर ह्याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

बाकी रोजच्या पद्धती भरपूर आहेत. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनेत रोजचं आत्मपरीक्षण आहे, आधी आभार, मग उठल्यापासूनचा एकेक तास आठवत जाणं, मग क्षमा आणि उद्याचा निश्चय. मोरावियन ह्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक १७३१ पासून वर्षभराची रोजची वचनं छापतात. इंग्लंडमधला उपदेशक जॉन वेस्ली याच्या मेथडिस्ट लोकांचे साधारण बारा जणांचे वर्ग १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले ते खरं तर सभागृहाचं कर्ज फेडायला दर आठवड्याला पेनी गोळा करण्यासाठी, पण घरोघर गेल्यावर कोण कसं जगतंय हेही कळायला लागलं आणि वर्गाचं कामच बदललं. पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला ब्रदर लॉरेन्स, मृत्यू १६९१, त्याला स्वयंपाकघरातलं काम मुळात आवडायचं नाही, तेच करता करता तो देवाशी बोलायला शिकला.

वाद आहेच. तारण म्हणजे पापातून सुटका देवाच्या कृपेने मिळते तर मग पाळण्यावर एवढा भर कशाला? प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरला बायबलमधलं याकोबाचं पत्र म्हणूनच खटकायचं, १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं, कारण त्यात कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे असं लिहिलंय. इफिसकरांच्या पत्रात मात्र दोन्ही लागोपाठ आहे, तारण कर्मांनी नाही आणि आपल्याला निर्माण केलं ते सत्कर्मांसाठी. उलट्या बाजूने जर्मन पाळक बोनहोफरने १९३७ मध्ये स्वस्त कृपेवर टीका केली, म्हणजे शिष्यत्वाशिवाय मिळणारी कृपा, आणि ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्याला फाशी दिली.

आज्ञापालन कोणाचं हा प्रश्नही सोडून चालत नाही, कारण पाळकाचं ऐकणं म्हणजेच देवाचं ऐकणं असं सांगून लोकांना दाबलं गेलंय. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पेत्र, तोच अंगणात घाबरलेला पेत्र, न्यायसभेपुढे सांगतो की माणसांपेक्षा देवाचं ऐकायला हवं. बेनेडिक्टच्या ६ व्या शतकातल्या मठनियमात तर ६८ वं प्रकरण खास ह्यासाठीच आहे, अशक्य वाटणारं काम सांगितलं तर भावाने वेळ बघून, न चिडता, वरिष्ठाला आपली अडचण सांगावी, आणि तरीही वरिष्ठ ठाम राहिला तर देवाच्या मदतीवर भरवसा ठेवून ते करावं.