मनगटावरच्या आकड्यांची कुळकथा

फिटनेस बँड घ्यावा की नाही, ही चर्चा बहुतेकदा किंमत, बॅटरी आणि पडद्याचा आकार यांच्याभोवतीच फिरते. पडद्यावर दिसणारे आकडे मुळात आले कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. पावलं, ठोके, कॅलरी, झोप हे सगळे एकाच वळणाच्या ठळक अक्षरांत आणि सारख्याच आत्मविश्वासाने समोर येतात. पण त्यांची घराणी वेगळी आहेत. एक घड्याळजींच्या कारागिरीतून आला, एक रुग्णालयातून, तर एक निव्वळ समीकरणातून. काही आकडे खरोखर मोजलेले असतात, काही बेतलेले. कोणता कुठला, हे कळलं तर घ्यायचं की नाही याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

पावलं मोजण्याची हौस सगळ्यात जुनी. अठराव्या शतकातला स्विस घड्याळजी अब्राहम-लुई पेरले याने चालताना बसणाऱ्या हिसक्यांवर आपोआप चावी भरली जाईल असं घड्याळ बनवलं. त्याच युक्तीवर १७८० च्या सुमारास पावलं मोजणारं यंत्र केल्याचं श्रेयही त्याला दिलं जातं. आत एक हलतं वजन आणि धक्क्यासरशी पुढे सरकणारं चाक, एवढीच करामत. पुढची दीडदोनशे वर्षं तत्त्व साधारण हेच राहिलं.

या साध्या यंत्राला लक्ष्य चिकटलं ते जपानमध्ये. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक नुकतंच पार पडलं होतं आणि देशात व्यायामाची हवा होती. यामासा या कंपनीने १९६५ मध्ये कमरेला अडकवायचं पाऊल-मापक बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आज नवा बँड सुरू केला की बऱ्याचदा जे लक्ष्य आधीच भरलेलं दिसतं, ते या नावातून आलेलं आहे. या संख्येची मोठ्या प्रमाणावर तपासणी व्हायला मात्र अर्धशतक जावं लागलं. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि साधारण ७,५०० नंतर आलेख सपाट झाला. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात साठीच्या आतल्यांसाठी ही पातळी आठ ते दहा हजार, तर साठीपुढच्यांसाठी सहा ते आठ हजार निघाली. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. मुळात तब्येत बरी असलेली माणसंच जास्त चालतात, ही शक्यता संशोधक हिशेबात धरतात, पण ती पूर्णपणे पुसता येत नाही.

मग दहा हजार हे थोतांड म्हणायचं का? इथे गंमत आहे. २००७ मध्ये पाऊल-मापकांवरच्या २६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या नियंत्रित प्रयोगांत मापक लावणारे इतरांपेक्षा रोज सुमारे २,५०० पावलं जास्त चालले. आणि चालणं वाढण्याशी जोडलेली एक महत्त्वाची गोष्ट होती ती म्हणजे ठरवून दिलेलं लक्ष्य, उदाहरणार्थ दहा हजार. म्हणजे आकडा जन्माला आला जाहिरातीतून, पण आकडा समोर असण्याचा परिणाम खरा होता. लक्षात घ्या, ही सगळी कमरेला लावायची साधी यंत्रं होती. ना ॲप, ना रंगीत पडदा.

कमरेवरून मापक मनगटावर आलं ते एका चिपमुळे. सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल टिपणारे सेन्सर, १९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागले. टक्कर झाली की क्षणात ओळखायची, हे त्यांचं काम. ते स्वस्त झाले, फोनमध्ये शिरले, नंतर पट्ट्यात. मनगटावर असलं की चिपला दिसतो तो हाताचा हेलकावा. त्यावरून पाऊल पडलं असेल असं सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून बाबागाडी किंवा सामानाची ढकलगाडी दोन्ही हातांनी ढकलत चाललं तर पावलं कमी भरतात, आणि बसल्या जागी हातवारे करणाऱ्याच्या खात्यात फुकटची जमा होतात. रोजची तुलना स्वतःच्या कालच्या आकड्याशी असेल तर या चुकांनी फारसं बिघडत नाही. दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बँड लावून पैज मारली तर मात्र बिघडतं.

ठोक्यांची कथा अधिक वजनदार आहे, अगदी अक्षरशः. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख घेणारं यंत्र बनवलं. ते पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो. त्याची आटोपशीर रूपं हृदयरोगतज्ज्ञ आजही वापरतात आणि त्याला होल्टरच म्हणतात. खेळाडूंपर्यंत हे तंत्र आणलं फिनलंडने. औलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी काढली. बर्फावरून स्कीइंग करणाऱ्यांना सरावातच नाडी कळावी, ही गरज. १९८२ मध्ये छातीवरचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ अशी बिनतारी जोडी आली. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो, त्यामुळे वेगाने वरखाली होणारे ठोकेही तो नीट टिपतो.

आजच्या बँडखाली लुकलुकणारा हिरवा दिवा मात्र दुसऱ्याच घराण्यातला. त्वचेवर प्रकाश टाकायचा आणि प्रत्येक ठोक्याला वाढणाऱ्या-घटणाऱ्या रक्तामुळे परतणारा प्रकाश किती बदलतो ते पाहायचं, ही पद्धत अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात मांडली. हिरवा रंग अशासाठी की रक्त तो चांगला शोषतं. हात स्थिर असेल आणि पट्टा घट्ट असेल तर ही युक्ती छान चालते. पट्टा सैल असेल, हात गार पडले असतील किंवा वजनं उचलताना मनगट वाकत असेल तर गडबडते. म्हणून विश्रांतीतली नाडी महिनोन्‌महिने कशी बदलत गेली, हे बँडकडून घ्यावं. दमछाक करणाऱ्या वेगवान सरावात सेकंदासेकंदाचा हिशेब हवा असेल तर छातीचा पट्टाच बरा, आणि तो बऱ्याच स्मार्टवॉचपेक्षा स्वस्तही पडतो. शिवाय बँड जे ‘हृदयगतीचे झोन’, म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेले सरावाच्या जोराचे टप्पे दाखवतो, ते अनेकदा २२० वजा वय या सूत्रावर आखलेले असतात. १९७१ च्या एका लेखातून रूढ झालेलं हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत दहाबाराचा फरक सहज असतो.

नाडीच्या ठोक्यासरशी बदलणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची कल्पना जपानमधल्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. बोटाला लावायचे चिमटे त्यातूनच आले. ते बोटातून आरपार जाणारा प्रकाश वाचतात. मनगटावर तशी सोय नाही, परतलेल्या प्रकाशावरच भागवावं लागतं. आणि चिमट्यांच्याही मर्यादा आहेत. काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये ही यंत्रं ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतात, हे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून ठळकपणे पुढे आलं. पुढच्या वर्षी तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, तसा इशाराही दिला.

२०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळातल्या एका लीडच्या ईसीजीला एफडीएची मंजुरी मिळाली आणि हौसेच्या वस्तूने वैद्यकीय उंबरठा ओलांडला. अनियमित नाडीची सूचना कितपत कामाची, हे पाहणाऱ्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते. त्यातल्या सुमारे अर्ध्या टक्क्याला सूचना आली. सूचना आल्यावर ज्यांनी घरपोच आलेला ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा विकार, सापडला. हा विकार येऊन-जाऊन असतो, त्यामुळे उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं म्हणता येत नाही. वयस्क आणि जोखीम असलेल्या माणसासाठी हे वैशिष्ट्य मोलाचं ठरू शकतं. पंचविशीतल्या धडधाकट माणसाने केवळ यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

आता कॅलरी. हा सगळ्यांत लाडका आकडा आणि सगळ्यांत कच्चाही. शरीर किती ऊर्जा जाळतं हे नीट मोजायचं तर श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. त्यासाठी तोंडावर मुखवटा आणि शेजारी यंत्र लागतं. बँड यातलं काहीच करत नाही. वय, वजन, उंची, लिंग, हालचाल आणि ठोके एका समीकरणात टाकून तो उत्तर काढतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत सगळ्यांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली, आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. एकच उपकरण, तोच माणूस, तोच व्यायाम. एक आकडा भरवशाचा आणि शेजारचा हवेतला.

‘आज इतक्या कॅलरी जाळल्या, आता इतकं खायला हरकत नाही’ हा हिशेब म्हणूनच धोक्याचा. वजनाच्या संदर्भात पिट्सबर्ग विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग गाजला होता. १८ ते ३५ वयाच्या ४७१ जणांना आहार, व्यायाम आणि समुपदेशन असा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांनी त्यातल्या निम्म्यांना दंडावर लावायचा ट्रॅकर दिला. दोन वर्षांनी ट्रॅकरवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने, तर बिनट्रॅकरवाल्यांचं ५.९ किलोने घटलं होतं. असं का झालं, यावर बरेच तर्क लढवले गेले. नंतरचे आढावे इतके निराश करणारे नाहीत. २०२२ मध्ये अनेक आढाव्यांचा मिळून घेतलेला आढावा सांगतो की ट्रॅकरमुळे रोज सरासरी १,८०० पावलं वाढतात आणि वजन सुमारे एक किलोने घटतं. चालण्यासाठी हे उत्तेजन चांगलं आहे. वजन उतरवण्याचं यंत्र म्हणून विकत घेणाऱ्याची मात्र निराशा ठरलेली.

झोपेबद्दल थोडक्यात. मनगटाच्या हालचालीवरून झोप ओळखण्याचं तंत्र संशोधक १९७० च्या दशकापासून वापरत आहेत, आणि त्याची खोड तेव्हापासून माहीत आहे: डोळे टक्क उघडे ठेवून निश्चल पडलेला माणूस त्याला झोपलेला वाटतो. गाढ झोप, स्वप्नांची झोप हे टप्पे खरे ठरतात ते मेंदूच्या लहरींवरून. बँड ते हालचाल आणि ठोक्यांवरून ताडतो. झोपण्या-उठण्याच्या वेळा पाहायला तो ठीक आहे. २०१७ मध्ये डॉक्टरांनी काही रुग्णांची नोंद केली ज्यांना ट्रॅकरवरची झोप ‘सुधारण्याची’ इतकी चिंता लागली होती की त्यानेच झोप बिघडत होती. या प्रकाराला त्यांनी ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. काळजीखोर स्वभावाच्या माणसाने खरेदीआधी याचा विचार जरूर करावा.

हे सगळे आकडे एका पट्ट्यात बांधणारा धंदा फार तर पंधरा-वीस वर्षांचा, आणि त्याचा इतिहास पडझडीचा आहे. जेम्स पार्क आणि एरिक फ्रीडमन यांनी २००७ मध्ये फिटबिट काढली, ती निन्टेन्डोच्या वी या व्हिडिओ गेमच्या यंत्रातला हालचालीचा सेन्सर पाहून. त्यांचं पहिलं उपकरण २००९ मध्ये आलं, कपड्याला लावायची क्लिप. २०१२ मध्ये नायकीने फ्युएलबँड आणला. त्यात ‘फ्युएल’ नावाचे स्वतःचेच गुण होते, ज्यांची बाहेर कशाशीच तुलना होत नसे. दोन वर्षांत कंपनीने या उपकरणांतून अंग काढून घेतलं आणि २०१८ मध्ये त्याची सेवाही थांबली. बँड बनवणारी जॉबोन ही कंपनी २०१७ मध्ये गुंडाळली गेली. दरम्यान २०१४ मध्ये शाओमीने स्वस्त बँड आणून बाजाराचा तळ बदलला, २०१५ मध्ये ॲपल वॉच आलं, आणि फिटबिट स्वतः जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या ताब्यात गेली. सौदा २.१ अब्ज डॉलरचा. युरोपीय आयोगाने त्याला परवानगी देताना अट घातली: युरोपातल्या वापरकर्त्यांचा आरोग्याचा डेटा गूगलने दहा वर्षं जाहिरातींसाठी वापरायचा नाही. अशी अट घालावी लागली, यातच त्या डेटाची किंमत कळते. त्याआधी धावपटूंच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपच्या नकाशावर त्यांच्या वाटा एकत्र झळकल्या आणि त्यात वाळवंटातले लष्करी तळही उजळून दिसतात, हे २०१८ च्या सुरुवातीला लक्षात आलं.

घेताना म्हणून हार्डवेअरइतकीच ॲपची चौकशी करावी. नोंदी साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? खातं पुसलं तर डेटा खरंच पुसला जातो का? वर्गणी थांबवल्यावर काय उरतं? व्हूपसारख्या कंपन्यांचा सगळा व्यवहारच वर्गणीवर चालतो. आणि केवळ पावलंच हवी असतील तर फोन खिशात आहेच. २०१३ पासूनच्या अनेक फोनमध्ये हालचाल मोजत राहणारी कमी विजेची चिप असते. महिनाभर फोनवरचाच आकडा रोज पाहून बघावा. त्याने चालणं वाढलं तर बँडने आणखी थोडं वाढेलही. फोनवरचा आकडा आठवड्यात पाहायचा सुटला तर बँडचं भवितव्य फारसं वेगळं नसेल.

आता नवा आकडा दाराशी उभा आहे, रक्तातल्या साखरेचा. त्वचेला न टोचता साखर मोजते असं सांगून घड्याळं आणि अंगठ्या विकल्या जात होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्पष्ट केलं की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला तर साखर काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्याच वर्षी मार्चमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पहिल्या साखर-मापक पॅचला परवानगी मिळाली खरी, पण तो त्वचेखाली बारीक तंतू सोडून मोजतो. मधुमेह असलेल्याने बँड घ्यायचाच तर चालण्यासाठी घ्यावा. साखरेसाठी आज तरी टोचून घेण्यावाचून गत्यंतर नाही.